आधी खोकायला सांगा, मग आकडा लिहा : भूलतज्ज्ञ डॉक्टरांना एका सिस्टरचं खुलं पत्र

प्रति,
छातीच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देणारे सर्व भूलतज्ज्ञ डॉक्टर,
आणि ज्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे एक पंपही येत नाही ते सर्व वैद्यकीय अधीक्षक, यांस

स. न. वि. वि.

मी स्टाफ नर्स आहे. नोकरीला एकवीस वर्षं झाली, त्यातली सोळा छातीच्या ऑपरेशनच्या पेशंटमध्ये गेली. आधी सरकारी रुग्णालय, आता ट्रस्टचं. नाव लिहीत नाही. पाळी कोणती ते सांगते, कारण पुढे जे लिहिलंय ते बहुतेक सगळं रात्रपाळीतलं आहे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मीटिंग झाली. छाती उघडल्यानंतर वेदना शमवायची एकच पद्धत ठरवायची, तर ती कोणती, असा विषय होता. मला एपिड्युरलचं, म्हणजे पाठीच्या मणक्यात बारीक नळी ठेवून औषध देतात त्याचं, रजिस्टर घेऊन बोलावलं होतं, म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायला मिळालं. तासभर चर्चा रंगली. बधिर करायला बुपिवाकेन की रोपिवाकेन, ०.१ टक्के की ०.१२५, त्यात अफूच्या जातीचं फेंटानिल मिसळायचं की मॉर्फीन, औषध सतत चालू ठेवायचं की ठरावीक वेळाने टॉप-अप द्यायचा, की बटन पेशंटच्याच हातात द्यायचं, की एपिड्युरलचा नाद सोडून पॅराव्हर्टिब्रलकडे, म्हणजे मणक्याशेजारच्या भुलीकडे, वळायचं. सगळी हुशार माणसं, सगळ्यांचं वाचन पक्कं. पण त्या तासाभरात 'रात्र' हा शब्द कोणाच्या तोंडून आला नाही. रजिस्टरही कोणी मागितलं नाही. जसं नेलं तसं परत आणलं.

त्या रजिस्टरात काय होतं ते आता लिहिते.

त्याआधी अधीक्षक साहेबांसाठी थोडं, डॉक्टरांना हे पाठच आहे. छातीचा मोठा छेद पाठीकडून निघतो आणि बगलेखालून पुढे येतो. बरगड्या यंत्राने फाकवतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस जाते, ती त्यात दाबली जाते, ताणली जाते. पोटावर टाके असतील तर माणूस पोट न हलवता पडून तरी राहू शकतो. छातीला ती सोय नाही. मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसाला २१,६०० वेळा ती जखम हलते. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला गिळतो, कफ आत साचतो, फुफ्फुसाचा तळ मिटतो आणि तिसऱ्या दिवशी ताप चढतो. सर्जनने हात लावला त्याचं सोनं झालेलं असतं आणि पेशंट न्यूमोनियाने पुन्हा व्हेंटिलेटरवर. शिवाय बऱ्याच जणांची ती दाबलेली नस पुढे महिनोन् महिने भगभगत राहते, सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही. छातीच्या पेशंटचं दुखणं थांबवणं हा फुफ्फुसाचाच इलाज आहे, हे फिजिओथेरपीच्या मॅडम रोज ओरडून सांगतात.

तर आमच्या बेड सातवर एक काका होते. साठीच्या आसपासचे, ऊसतोडीवर आयुष्य गेलेले. क्षयानंतर फुफ्फुसाभोवती पू झाला होता, त्याची जाड साल सोलून काढलेली. पाठीत एपिड्युरल. रात्री साडेदहाला निवासी डॉक्टर आले, लांबूनच विचारलं, "काका, दुखतंय का?" काका म्हणाले, "नाय, बरं हाय." चार्टवर दहापैकी दोन लिहून डॉक्टर गेले. दोष देत नाही, त्यांना अजून अकरा पेशंट बघायचे होते.

ते गेल्यावर मी म्हटलं, "काका, जरा खोका बरं." काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्यांच्याकडे जमिनीचा सातबारा मागितलाय. मग डावा हात बेडच्या कठड्यावर गेला, मूठ वळली, तोंडातून एक 'हं' निघाला आणि तेवढ्यावरच थांबले. खोकला आलाच नाही.

"शून्य ते दहा" हे आमच्या निम्म्या पेशंटना कळत नाही. मी आण्यांत विचारते. साठीच्या पुढच्या माणसांना आणे अजून समजतात. "रुपयातलं किती आणे दुखतंय?" काका म्हणाले, "निजलो तर दोन आणे. खोकलो तर अख्खा रुपया."

डॉक्टर, चार्टवर आलेला आकडा निजलेल्या माणसाचा होता. फुफ्फुस मात्र खोकणाऱ्या माणसाचं वाचतं. तुम्ही ज्या पद्धतींची तुलना करता त्यात पडून असतानाची वेदना आणि हलताना-खोकतानाची वेदना वेगवेगळी मोजतात, हे मला ठाऊक आहे, मी वाचते. वॉर्डात मात्र एकच रकाना छापलेला आहे.

आता एकेका पद्धतीची रात्र सांगते.

टॉप-अप सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात जास्त चालतो. औषध दिलं की चारेक तास पेशंट राजा. मग ओसरायला लागतं. कागदावर 'दर ६ तासांनी' असं लिहिलेलं असतं आणि आमच्याकडे ते द्यायचा अधिकार फक्त डॉक्टरांना. रात्री दोनला मी फोन करते, थिएटरमधली सिस्टर उचलते, "डॉक्टर केसमध्ये आहेत." दोनचा टॉप-अप साडेचारला मिळतो. तोवर ठणका पूर्ण चढलेला. चढलेला ठणका उतरवायला जास्त औषध लागतं, आणि जास्त औषधाने पाऊण तासात वरचा बीपी ८०. मग बीपी चढवायला मेफेन्टरमिन, मग सलाईन. सकाळी सर्जन राउंडला येतात आणि विचारतात, "अर्धं फुफ्फुस काढलेल्या पेशंटला एवढं पाणी कोणी दिलं?" या प्रश्नाचं खरं उत्तर 'रात्री दोन वाजता केलेला फोन' असं आहे, पण ते चार्टवर लिहायला जागा नसते.

याच टॉप-अपचा आणखी एक घोळ, तो खांद्याचा. छाती उघडलेल्या पुष्कळ पेशंटचा त्याच बाजूचा खांदा दुखतो. जखम बगलेखाली आणि रग खांद्यात. ही वेदना बहुधा छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या नसेतून येते. ती नस मानेतून निघते, त्यामुळे छातीतल्या एपिड्युरलचा तिच्यावर इलाज चालत नाही. हे मला सातव्या-आठव्या वर्षी कळलं, तेही एका वयस्क भूलतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं म्हणून. त्याआधी अशा एका पेशंटला रात्रीतून तीन टॉप-अप दिले गेले, मीच फोन करकरून दिले गेले. खांदा तसाच, बीपी तळाला. त्याला पॅरासिटामॉल आणि, किडनी बरी असती तर, एखादं सूज उतरवणारं इंजेक्शन पुरलं असतं. 'कुठं दुखतंय' हे हात लावून विचारायचं, इतकंच त्यातून शिकले. मराठीत दुखण्याला ठणका, कळ, चमक, आग, रग, सणक असे इतके शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. पेशंट बरोबर तोच शब्द वापरतो. आपण ते सगळं पुसून 'पेन प्लस' लिहितो.

सतत चालणारा पंप टॉप-अपपेक्षा कितीतरी बरा. बीपी स्थिर राहतो, पेशंट स्थिर राहतो. भूल देणारं औषध पातळ करून त्यात थोडं फेंटानिल मिसळलं की दोघं मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात, याबद्दल तुमच्यातही वाद नाही. माझा वाद सिरिंजच्या आकाराशी आहे. ५० मिलीची सिरिंज, ताशी ६ मिली. हिशेब करा, आठ तास वीस मिनिटं. रात्री आठला भरलेली सिरिंज पहाटे चार वीसला संपते. आता दुसरी भरायची तर फेंटानिल कुलपात, किल्ली इन्चार्जकडे किंवा सुपरवायझरकडे, रजिस्टरवर दोन सह्या, रिकामे अँप्यूल मोजून परत. तेवढ्यात बेड तीनच्या आयसीडीत, म्हणजे छातीतून बाहेर काढलेल्या नळीत, रक्त वाढतं. पंप वाजत राहतो, आपण 'सायलेंट' दाबतो. पाऊण तास एपिड्युरल कोरडं. सकाळी त्याच पेशंटला फिजिओथेरपीत त्रास होतो आणि चार्टवर शेरा येतो : 'एपिड्युरल नीट चालत नाही'.

छातीतल्या एपिड्युरलपैकी साधारण तीनातलं एक कुठल्या ना कुठल्या कारणाने कमी पडतं, असं तुमच्याच मोठ्या पाहण्यांत आढळलंय. नळी सरकली, एकाच बाजूला औषध गेलं, मुळात जागा चुकली. ही कारणं खरीच. पण त्या तिसऱ्या हिश्शात रिकाम्या सिरिंजा किती, हे कोणी मोजलं तर मला वाचायला आवडेल. दिवसा, स्वच्छ टेबलावर, दोघांनी तपासून २५० मिलीची एक पिशवी भरली तर तीच ताशी ६ मिलीने चाळीस तासांहून जास्त चालते. रात्रीत एकदाही उघडायला नको. चुकाही कमी, जंतूही कमी.

चुकांचं म्हणाल तर माझी स्वतःची एक सांगते. आधीच्या नोकरीतली गोष्ट. बुपिवाकेनच्या बाटल्या ०.२५ टक्क्यांच्याही येतात आणि ०.५ च्याही, दोन्ही २० मिलीच्या, दिसायला जुळ्या बहिणी. पहाटे मी ०.२५ समजून ०.५ ची उचलली, तेवढंच सलाईन घातलं, आणि ०.१२५ च्या जागी दुप्पट तीव्रतेचं औषध चालू झालं. तासाभराने पेशंट म्हणाला, "बाई, पाय उचलत नाहीत." मी फोन केला. पलीकडून झोपेतला आवाज, "एपिड्युरल आहे ना सिस्टर, पाय जड होणारच."

होणारच नाही, डॉक्टर. बाळंतपणाला कमरेत दिलेल्या एपिड्युरलने पाय जड झाले तर समजू शकते. छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याशी घातलेल्या पातळ औषधाने दोन्ही पाय लुळे पडायला नकोत. पडले तर आधी एकच भीती धरायची, मणक्याच्या आत रक्त साठून मज्जारज्जू दबतोय की काय. मी पंप बंद केला, वेळ लिहिली, दर पंधरा मिनिटांनी पाय उचलायला सांगत राहिले. पावणेदोन तासांत पाय परत आले. मग रिकामी बाटली कचऱ्याच्या पिशवीतून शोधली तेव्हा चूक कळली. डॉक्टरांना सांगितलं, रजिस्टरला लिहिलं. मेमो मिळाला, तो योग्यच होता. पण त्या रात्री चूक माझी निघाली म्हणून पेशंट सुटला. रक्त असतं तर 'होणारच' या एका शब्दाने त्याला जन्मभर खुर्चीत बसवलं असतं.

ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००९ साली मणक्यातल्या भुलीच्या इजांचा देशभरचा हिशेब मांडला. कायमची इजा एका लाखात दोन ते चार, म्हणजे फार कमी. पण त्यातला मोठा वाटा ऑपरेशनच्या वेळी घातलेल्या एपिड्युरलचा होता, आणि पायातली ताकद गेल्याचा अर्थ लावायला उशीर झाला की काय होतं हेही त्यात स्पष्ट आलंय. पंप बंद केल्यावर चार तासांत ताकद परतली नाही तर तातडीने एमआरआय, हा नियम तिकडे वॉर्डाच्या भिंतीवर लागतो. आमच्या भिंतीवर 'चपला बाहेर काढाव्यात' आहे.

त्याच ओघात आणखी एक. रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन आणि एपिड्युरल यांचं वेळापत्रक नळी घालताना सगळे पाळतात. काढताना विसरतात. धोका दोन्ही वेळी सारखाच. एनॉक्सापॅरिनचा रोजचा छोटा डोस दिल्यापासून बारा तास तरी जायला हवेत, आणि नळी काढल्यावर पुढच्या डोसला चार तास. "सिस्टर, जाता जाता ते कॅथेटर काढून टाका" हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलंय. आता मी आधी इंजेक्शनची वेळ विचारते. त्याचा राग येतो, येऊ दे.

फुग्याचा पंप. पारदर्शक डब्यात औषध भरलेला फुगा, तो स्वतःच्या ताणाने ताशी ५ मिली ढकलत राहतो. वीज नको, बॅटरी नको, अलार्म नाही. पेशंट तो खिशात घालून चालू शकतो, आणि छातीच्या पेशंटने चालणं म्हणजे निम्मं काम झालं. मला तो मनापासून आवडतो. पण अलार्म नाही, हाच त्याचा दोषही. एकदा नळीवरची चिमटी रात्रभर बंद राहिली आणि फुगा सकाळी होता तेवढाच गुबगुबीत. बघून काही कळत नाही. तेव्हापासून मी तो बाळांच्या काट्यावर ठेवते, भाजीवाल्यासारखी. चार तासांत वीसेक ग्रॅम कमी झाला तर ठीक. दुसरी अडचण म्हणजे त्याचा वेग रात्री वाढवता येत नाही. आणि तिसरी अडचण चिठ्ठीची : 'बाहेरून आणा'. नातेवाईक ती चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानातून रिकाम्या हाताने परत येतात, आणि पेशंट टॉप-अपवर जातो.

पेशंटच्या हातातलं बटन. थोडं औषध सतत चालू, आणि दुखलं की पेशंट स्वतः दाबतो. एकदा दाबल्यावर पंधरा-वीस मिनिटं यंत्र पुन्हा देत नाही. माझ्या मते चारही पद्धतींत ही उजवी, कारण खोकायच्या आधी दाबता येतं. फिजिओथेरपी दहाला असेल तर पावणेदहाला दाबायचं. पण एक आजी दोन दिवस बटनाला हातच लावेनात. शेवटी हळूच विचारलं, "एका दाबाला किती पडतात गं?" त्यांना वाटत होतं, दर वेळी बिल वाढतं. दुसऱ्या टोकाला एक मुलगा. बापाला जरा झोप लागावी म्हणून प्रेमाने रात्रभर बटन दाबत बसला. झोपलेला माणूस बटन दाबत नाही, ही त्या यंत्राची खरी राखण. मुलाने तीच काढून घेतली. बापाचा श्वास मिनिटाला नऊवर आला तेव्हा मी बटन उशीखालून ओढून घेतलं. दोघांनाही हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मराठीत, बटन हातात देऊन सांगायला हवं होतं. आमच्याकडे संमतीपत्र इंग्रजीत आहे.

ठरावीक वेळाने यंत्रच एकदम डोस सोडतं, अशीही पद्धत आता आलीय. बाळंतपणात तिचा चांगला उपयोग झालाय. छातीच्या बाबतीत तुमच्यात अजून एकमत नाही, आणि तो पंप आमच्याकडे नाही, तेव्हा पुढे जाते.

एपिड्युरल मॉर्फीन. औषधं स्वस्त, एक डोस बारा ते चोवीस तास पुरतो, बीपीही पडत नाही. मग हरकत काय? मॉर्फीन पाण्यात राहणारं औषध. मणक्यातल्या पाण्यातून हळूहळू वर सरकतं. संध्याकाळी सातला दिलेला डोस पहाटेसुद्धा श्वास मंद करू शकतो. फेंटानिल चरबीत मुरतं, दिलं तिथेच राहतं आणि लवकर उतरतं. म्हणून मॉर्फीन दिलेल्या पेशंटला चोवीस तास दर तासाला श्वास मोजायला हवा, मॉनिटरवर नाही, छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट. मॉर्फीनवरचा उतारा, नॅलोक्सोन, ट्रेमध्ये हवं. आयसीयूत मी हे करते. वॉर्डात चाळीस पेशंटना दोन सिस्टर असतात. तिथे मॉर्फीन दिलेला पेशंट पाठवणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. आणि खाज. नाक, कपाळ, रात्रभर. पेशंटला वाटतं, गादीत ढेकूण आहेत.

मॉर्फीन-फेंटानिल मिळणंच जिकिरीचं, अशी सबब मात्र आता देऊ नका. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे पूर्वी परवान्यांचा ढीग लागायचा, ते खरं. २०१४ च्या दुरुस्तीने ही औषधं 'अत्यावश्यक' यादीत आली आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच ठिकाणची, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. अर्ज कोणी केला नाही, एवढंच बाकी असतं.

आता पॅराव्हर्टिब्रल. त्या मीटिंगमध्ये यावर आवाज चढले होते. मणक्याच्या आत न शिरता, शेजारी, नस जिथून बाहेर पडते त्या खोबणीत नळी ठेवायची. छाती उघडीच असते तेव्हा सर्जन डोळ्यांनी बघून ती ठेवू शकतात. एकाच बाजूची भूल, त्यामुळे बीपी फारसा पडत नाही, लघवी अडत नाही, पाय मोकळे. कल्पना शंभर वर्षांहून जुनी, मधे विसरली गेली, १९७९ साली पुन्हा वर आली. गंमत अशी की एपिड्युरल मॉर्फीनही त्याच साली पहिल्यांदा छापून आलं. छाती उघडलेल्या पेशंटमधल्या एपिड्युरल आणि पॅराव्हर्टिब्रल या दोन पद्धतींची, जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेची तुलना २०१६ ची आहे : १४ अभ्यास, ६९८ पेशंट. मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंतींत फरक दिसला नाही, वेदना साधारण सारखीच शमली, आणि बीपी पडणं, मळमळ, खाज, लघवी अडणं हे सगळं पॅराव्हर्टिब्रलमध्ये कमी.

मीटिंगमध्ये यावर एक डॉक्टर म्हणाले, "हे तर किरकोळ त्रास आहेत." डॉक्टर, तुमच्या दृष्टीने किरकोळ. माझी रात्र याच चार गोष्टींची बनलेली असते. बीपी पडला की दर पाच मिनिटांनी एका बेडपाशी उभं राहावं लागतं, आणि तेव्हा बाकीचे पेशंट एकटे असतात. लघवीची नळी राहिली की पेशंट उठत नाही. मळमळलं की तो खोकत नाही. दोन पद्धती वेदनेत बरोबरीच्या असतील तर जी सिस्टरचा वेळ कमी खाते ती सरस, असं सरळ लिहायला काय हरकत आहे?

पॅराव्हर्टिब्रलही सोवळं नाही. तिथे औषध जास्त लागतं, ते रक्तात लवकर जातं. ओठ बधिर, कानात गुणगुण, म्हणजे पंप बंद. आणि दुर्बिणीतून, छोट्या भोकांतून केलेल्या ऑपरेशनला तर एपिड्युरल आता सुचवतही नाहीत. पॅराव्हर्टिब्रल, नाहीतर २०१६ पासून आलेला तो पाठीच्या स्नायूखालचा इरेक्टर स्पायनी ब्लॉक. तरीही आमच्याकडे दुर्बिणीच्या पेशंटच्या पाठीत सवयीने एपिड्युरल जातंच.

मला विचाराल तर, आणि कोणी विचारलेलं नाही, पद्धत ठरवताना पहिला प्रश्न असा हवा : हा पेशंट आज रात्री कुठे झोपणार? आयसीयूत, जिथे मी दोन पेशंटना एक आहे आणि भूलतज्ज्ञ रात्री एकदा तरी स्वतः फेरी मारणार आहेत, तिथे एपिड्युरल घाला, मोठी पिशवी लावा, हातात बटन द्या. त्याच्याइतकं सुखाचं काही मी बघितलेलं नाही. छाती चिरलेला माणूस दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवतो. वॉर्डात झोपणार असेल तर सर्जनला सांगून पॅराव्हर्टिब्रल ठेवा. आणि जिथे दोन्हीची देखभाल होणार नाही तिथे टॉप-अपच्या भरवशावर नळी घालून चार्टवर 'एपिड्युरल आहे' असं लिहू नका. त्या शब्दांमुळे पेशंटला दुसरं कुठलंच इंजेक्शन मिळत नाही.

मागणं फार नाही. कॅथेटरवर नाव चिकटवा, ते शिरेच्या सलाईनपेक्षा वेगळं दिसू द्या; पिवळी, शिरेच्या नळीला न जुळणारी जोडणी निघालीय, ती मागवा. किती सेंटिमीटरवर बांधलंय ते कागदावर लिहा, म्हणजे सरकलं तर मला कळेल. बर्फाचा तुकडा कुठपर्यंत गार लागत नाही ते आम्हाला शिकवा. स्तनाग्र, बरगड्यांचं टोक, बेंबी, एवढ्या तीन खुणा पुरतात. ठरलेल्या मर्यादेत वेग एक-दोन मिलीने वाढवायची लेखी मुभा प्रशिक्षित सिस्टरला द्या. आणि रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर, ज्याच्या पलीकडचा माणूस थिएटरमध्ये केसला बसलेला नसेल.

१९४७ साली हवानाच्या मार्टिनेझ कुर्बेलो नावाच्या डॉक्टरांनी मूत्रवाहिनीसाठी बनवलेली नळी पेशंटच्या पाठीत ठेवून सतत एपिड्युरल देऊन दाखवलं. त्या नळीपाशी रात्री कोण बसलं होतं ते कुठे वाचायला मिळालं नाही. कोणीतरी बसलं असेलच.

काकांचं सांगायचं राहिलं. त्या रात्री मी फोन केला, डॉक्टर आले, बर्फ लावून बघितला. भूल दोन बरगड्या खाली सरकली होती. डोस देऊन, वेग वाढवून अर्ध्या तासाने पुन्हा खोकायला सांगितलं. उशी छातीशी धरून काका खोकले, पिवळा बेडका पडला, आणि म्हणाले, "आता सहा आणे." चार्टवर मात्र तो आकडा लिहायला जागा नव्हती.

म्हणून परवा मी रजिस्टर घरी आणलं आणि पट्टी घेऊन प्रत्येक पानावर उजवीकडे एक रकाना आखला. वर लिहिलंय, 'खोकताना'. एकशेचाळीस पानं झाली, मुलीने मदत केली. पहिली नोंद काल रात्री २.१० ची, बेड चारच्या आजी : निजून तीन आणे, खोकताना नऊ. पुढची नोंद तुमच्या हातची असावी अशी विनंती. रजिस्टर ड्यूटी टेबलाच्या डाव्या खणात असतं, पेन दोऱ्याने बांधलेलं आहे.

आपली,
एक स्टाफ नर्स
छातीच्या शस्त्रक्रियांचा अतिदक्षता विभाग, रात्रपाळी